ब्रेकेजची वही

रडू नकोस आधी. काचेवर पाय पडंल.
सरक तिकडं, बेसिनच्या बाजूला.
ब्युरेट फुटली हाय, नशीब न्हवं.

नाव सांग. मृनाली?
व्हय व्हय, बानातला ण. लिवतो बरोबर, बोलताना तेवढा निसटतो.
आडनाव देसाई. म्हंजे आजऱ्याकडची.
वाटलंच. मघाशी "मी आलो" म्हनालीस
आनि मागच्या टेबलावरची ती बाहेरगावची पोरगी फिसकन हसली.
तवाच तुझा हात ढळला. मी बगत हुतो.
अगं, ह्या गावात बायका आलो-गेलोच म्हनत्यात.
भाजीवाली म्हनती, डाक्टरीन म्हनती,
माझी बायको भांडताना सुद्धा
"मी चाललो म्हायेराला" म्हनती, आनि जात न्हाई.
बोलनं बदलू नकोस.
ती हसनारी दिवाळीच्या आत "आलो" म्हनाय लागंल.

ही बग वही. नाव, रोल नंबर, काय फुटलं, किती रुपये.
डिपॉझिटमधनं कापत्यात, घरी पत्र जात न्हाई.
माग उलट. अजून माग.
जितं कागद पिवळा झालाय तितं थांब.
"थर्मामीटर, एक." सही वाच.
व्हय, त्याच बाई.
ज्यांच्या चपलेचा आवाज आला
की तुमची अख्खी बॅच पिपेट धरून पुतळा हुती.
त्यांचा पारा त्या फरशीच्या फटीत गेला,
मी काडेपेटीच्या पुट्ट्यानं दुपारभर गोळा केला.
नोकरीतला माझा दुसरा आठवडा.
पैल्या आठवड्यातलं मी काय फोडलं ते विचारू नकोस.

मी दहावी नापास. पन पैल्या वर्षाची पोरं लई बगितली.
जुलैत सगळी सारखीच दिसत्यात:
कोरा ॲप्रन, आनि
"मला सगळं येतंय" असा कोरा चेहरा.
येत नसतं कुनालाच. तू विचार.
मला विचार, वॉचमनला विचार,
ऑफिसातला क्लार्क खेकसला तर
जेवल्यावर जाऊन परत विचार, जेवल्यावर तो बरा असतोय.

रूममेटशी पटत न्हाई? न्हाई तर न्हाई.
दिवा कवा मालवायचा एवढं ठरलं की भागतंय.
मेसचा भात पिठूळ लागनारच,
तू घनसाळ खाऊन आलीयास.
पुढच्या खेपेला किलोभर आन, मावशीला दे,
शिजताना वास सुटला की
कोन कोन ताट घिऊन जवळ येतंय ते बग.

रंकाळ्यावर बसून आईला फोन करतीस
आनि "मजेत हाय" म्हनून ठेवतीस. करू नकोस तसं.
एकदा खरं सांग.
खरं कळलं की आई घाबरती, मग झोपती.
खोटं वाटलं की नुसतीच जागी राहती.

शनवारी शीबीएसला आजऱ्याची गाडी लागली
की पाय तिकडंच वळत्यात.
पैल्या म्हैन्यात जा. लाज कसली?
दुसऱ्यात एक शनवार सोड.
तिसऱ्यात... मला काय म्हाईत, तुझं तू बग.

आता ही नवी ब्युरेट.
तोटी दोन बोटांनी, मूठ आवळून न्हवं.
पैलं रीडिंग पायलट असतंय, अंदाजाचं.
जर्नलात लिवायचं, हिशोबात धरायचं न्हाई.
रंग भडक गुलाबी झाला तर गेलं ते,
बेसिनात वत, फ्लास्क धू, परत घे.
फिक्का पायजे. इतका फिक्का की
शेजारनीला विचारावं लागंल,
"आला का गं?"

हं. सही कर हितं, पुरं नाव.
दोनशे चाळीस रुपये.
आनि जाता जाता त्याच पानावर वरची तिसरी ओळ वाच.
बीकर, दोन. कालची तारीख.
व्हय, तीच. फिसकन हसनारी.
मी दाखिवलं म्हनून सांगू नकोस.